मेलिन आंटीचे उपासाचे डिमसम

श्रीकांत पुराणिकने मेलिन आंटीला फसवलं. भर हॉटेलात, श्रावणी सोमवारी, उपास धरून बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर. ज्यांना एवढं पुरेसं आहे त्यांनी इथेच थांबावं. ज्यांना वाटतं की शैला पापडवालीचं डोकं गरम आहे, ती कुणालाही काहीही बोलते, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं. डोकं माझं गरम आहेच, पण गरम डोक्याच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं खोटं होत नाही.

उज्जैनला, देवास गेटच्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. पापड, कुरडया, सांडगे, उपासाची पिठं. नवरा गेला तेव्हा घरात पोळपाट आणि लाटणं होतं, बाकीचं सगळं मी भांडून मिळवलंय. या दुकानात एके दुपारी एक किडकिडीत, गोरीपान बाई आली, तीच मेलिन आंटी. डोळे बारीक, ओठांना भडक लाल लिपस्टिक, केसांच्या अंबाड्यात आडवी खुपसलेली विणायची सुई. फ्रीगंजातली जुनी माणसं तिला 'जूतेवाली' म्हणून ओळखत. तिच्या नवऱ्याचं मापाचे बूट शिवायचं दुकान होतं. कलकत्त्याच्या चिनी वस्तीतून ती लग्न होऊन इथे आली आणि नवऱ्यामागेही इथेच राहिली. मुलगा कॅनडात. "वहाँ बर्फ है," एवढंच ती त्या देशाबद्दल सांगायची.

तिने न विचारता चिकाच्या डब्यात बोट घातलं आणि जिभेवर टेकवलं.

चीक म्हणजे काय हे आपल्या बायकांना सांगायला नको. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे आणि खाली बसलेलं पांढरंशुभ्र सत्त्व घ्यायचं. उन्हाळ्यात त्याच्या कुरडया होतात. मी तो वाळवूनही ठेवते, कुणाला आजारी माणसासाठी लागतो, कुणाला लहान मुलासाठी.

"पूरा उज्जैन में ढूँढा हम," बाई डोळे मिटून म्हणाली. "पैकेट वाला सब मुर्दा है. ये ज़िंदा है. तुम लोग इसका क्या बनाता?"

मी कुरडई दाखवली. तिने ती उजेडात धरून चहूबाजूंनी पाहिली.

"इतना मेहनत करके फिर तेल में डुबा देता?"

"आपको लेना है तो लो, भाषण मत दो," मी म्हटलं आणि भाव सांगितला.

तिने घासाघीस केलीच नाही. डबा खाली ठेवला आणि वर पंख्याकडे बघत बसली. मी थोडा भाव उतरवला. ती पंखाच बघत होती. अजून थोडा उतरवला. शेवटी मी चिडले.

"पंखा ख़रीदने आई हो क्या?"

"नहीं. देखता है कि पंखा भी तुम्हारा जैसा आवाज़ करता है."

आयुष्यात इतक्या कमी भावात मी चीक कुणाला दिला नव्हता. आणि पैसे देताना तिने आपणहून वर थोडे ठेवले. म्हणाली, "इतना सस्ता नहीं. अगली बार तुम रोएगा, और ख़राब माल देगा." तेव्हाच मी ओळखलं की ही बाई धंदा जाणते. तेव्हापासून ती मला 'झगड़ा मैडम' म्हणायची.

तिला चीक हवा होता तो डिमसमसाठी. नानाखेड्याला श्रीकांत पुराणिकांचा एक गाळा रिकामा पडून होता. श्रीकांतराव म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, आपल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, आवाज कधी न चढवणारे सद्गृहस्थ. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात होते, हे ते दर भेटीत सांगतात, जणू समोरच्याचे पूर्वज झाडावर होते. गाळा त्यांचा, परवाना त्यांच्या नावावर, हात आंटीचे. लिखापढी काही नाही. "अहो, आपल्यात लिखापढी कशाला," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून स्वतः ऐकलंय. हे वाक्य जो पहिल्यांदा म्हणतो त्याच्यापासून दहा हात लांब राहावं. मी आंटीला तसं सांगितलंही होतं. ती म्हणाली, "हाथ तो हमारा पास है, झगड़ा मैडम. हाथ कौन लेगा?"

आता त्या डिमसमविषयी सांगते, कारण त्यावाचून मेलिन आंटी कळणार नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे चिनी खाणं म्हणजे ठेल्यावरचे लाल नूडल्स. तिने मला पहिल्या दिवशी किचनमध्ये उभं करून दाखवलं. माझाच चीक, त्यावर उकळतं पाणी एका धारेत, लगेच झाकण. मग तेलाचा हात लावून मळायचं. लिंबाएवढी गोळी घ्यायची आणि रुंद पात्याच्या सुरीची सपाट बाजू तिच्यावर दाबून मनगट एकदा फिरवायचं. खाली कागदासारखी गोल पारी तयार. आत मशरूम, मका, पत्ताकोबी, आलं. कडेला चुण्या पाडून मिटायचं, अगदी आपल्या मोदकासारखं, पण आडवं निजवलेलं. बांबूच्या टोपलीत वाफेवर ठेवायचं. झाकण काढलं की पांढरी पारी काचेसारखी झालेली असे आणि आतला हिरवा-पिवळा रंग बाहेर दिसे.

"अभी," ती म्हणायची. "अभी मतलब अभी."

तोंडात घातला की आधी काहीच लागायचं नाही, नुसता मऊ गरमपणा. मग दाताखाली पारी किंचित ताणायची, फुटायची आणि आलं-मिऱ्याचा रस जिभेवर पसरायचा. शेजारी वाटीत मिरची आणि सिरक्याची चटणी, पेल्यात फिकट, बिनदुधाचा चहा. मी जन्मभर धंदा केला, म्हणजे उभ्याने जेवले. त्या टेबलाशी मी पहिल्यांदा बसून खायला शिकले. दर बुधवारी दुपारी दुकान बंद ठेवून मी रिक्षाने नानाखेड्याला जायचे. देवास गेटचे दुकानदार म्हणायचे, "बहनजी का बुधवार है, आज उधार माँग लो, मूड अच्छा होगा." मूड चांगला असायचा. उधार तरीही मिळायचं नाही.

आंटीचे नियम कडक. डिमसम गरमच खायचा. दोघं बोलत बसले आणि टोपली निवली तर ती येऊन टोपली उचलून न्यायची. पैसे मात्र घ्यायची. पनीर तिला आवडत नसे. "पनीर का अपना कोई राय नहीं है," म्हणायची. पण उज्जैनमध्ये हॉटेल चालवायचं म्हणून ठेवायची, आणि कुणी पनीरचे मागवले की त्या माणसाकडे दुखवट्याला आल्यासारखी बघायची.

सगळ्यात मोठी लढाई शेवेवरून झाली. आपल्या माळव्यात माणूस पोह्यांवर शेव घालतो, भाजीत शेव घालतो, जमलं तर चहातही घालेल. एक साडीवाले सेठ सहकुटुंब आले आणि म्हणाले, "आंटी, ऊपर से थोड़ी सेव डलवा दो, नमी ज़्यादा है." आंटी आत गेली, एका वाटीत शेव घेऊन आली आणि ती वाटी पार दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या टेबलावर ठेवली.

"सेव वहाँ है. डिमसम यहाँ है. आप बीच में चलिए-फिरिए. दोनों का मुलाक़ात नहीं होगा."

सेठ हसत सुटले. नंतर दर रविवारी यायला लागले आणि घरून शेवेची पुडी खिशात घालून आणायचे. तिला दिसायचं. ती दुसरीकडे बघायची. आपल्या माणसासाठी दुसरीकडे बघणं हा तिचा लाड होता.

एकदा इंदूरहून एक फोनवाला तरुण आला. टोपलीचं झाकण उघड, मिट, उघड, मिट, असं शूटिंग चाललेलं. वाफ पुन्हा हवी म्हणून त्याने आंटीलाच सांगितलं, "आंटी, एक बार और स्टीम मारो ना." आंटी त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसली. त्याच्या टोपलीतले डिमसम चॉपस्टिकने उचलून त्याच्या देखत एकेक करून खाल्ले, चटणी लावून, चवीने. तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुम्हारा वीडियो हो गया. हमारा खाना हो गया. बिल दो." त्याने ते सगळं शूट केलं आणि तेच गाजलं. दुसऱ्या आठवड्यापासून बाहेर रांग लागायला लागली. श्रीकांतरावांचे डोळे तेव्हाच लकाकले. मी बघत होते. माणूस गिऱ्हाइकाकडे बघतोय की रांगेकडे, हे मला लांबून कळतं.

श्रावण लागला आणि आंटीने मला पकडलं.

"सोमवार को कोई मराठी आदमी नहीं आता. हमसे नाराज़ है?"

"उपास असतो," मी म्हटलं. "व्रत. गेहूँ नहीं खाते."

"क्या खाता है फिर?"

मी सांगत गेले आणि ती वकिलासारखी उलटतपासणी करत गेली. साबुदाणा चालतो. बटाटा चालतो. शेंगदाणा चालतो. मिरची चालते, मोहरी नाही. सैंधव चालतं, साधं मीठ नाही.

"गेहूँ नहीं, राजगिरा हाँ? दोनों दाना है."

"हो."

"मिर्ची हाँ, हल्दी नहीं?"

"आमच्यात नाही."

"कौन लिखा ये?"

"कोणी लिहिलं नाही. माझी आई म्हणायची."

तिने लगेच कान पकडले. "अम्मा बोला तो ठीक है," म्हणाली. "अम्मा से बहस नहीं."

पुढचे काही दिवस तिने साबुदाण्याशी झटापट केली. पहिल्या दिवशी पारी झाली नाही, खळ झाली. दुसऱ्या दिवशी टोपलीला अशी चिकटली की बांबू सोलून निघाला. मग तिने साबुदाणा भाजून दळला, उकडलेला बटाटा किसून घातला, पाणी थोडं कमी केलं. आत बटाटा, ओलं खोबरं, दाण्याचं कूट, जिरं, हिरवी मिरची. खाली केळीच्या पानाचा तुकडा. झाकण उघडलं तेव्हा पारी मोत्यासारखी दिसत होती. चटणी दह्याची. मी एक खाल्ला आणि माझ्या आईची आठवण येऊन रडले, हे इथे लिहायची खरं तर गरज नाही.

साबुदाण्याच्या पारीत एक खोट होती. चिकाच्या पारीसारखी ती करून ठेवता येत नसे. गार झाली की चिरायची. गिऱ्हाईक बसलं की लाटायची, वाफवायची, द्यायची. म्हणून आंटी सोमवारी मोजकेच करायची आणि संपले की सरळ हात जोडायची.

आणि तिचं सोवळं! आपल्या बायकांनी शिकावं असं. रविवारी संध्याकाळी सगळं किचन धुवायचं. गव्हाच्या टोपल्या वेगळ्या, उपासाच्या वेगळ्या, उपासाच्या टोपल्यांना लाल दोरा बांधलेला. चिकाचा डबा तर ती रिक्षात घालून माझ्या दुकानात आणून ठेवायची आणि मंगळवारी परत न्यायची. मी म्हटलं, "आंटी, झाकण लावलेला डबा तिथेच राहिला तर काय बिघडतं?" ती म्हणाली, "हम उपवास नहीं करता. जो करता है वो हमारा भरोसा पर मुँह खोलता है." देवाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. आपल्या हातचं खाऊन कुणाचा उपास मोडू नये, एवढंच तिला हवं होतं. आपल्या मंडळातल्या म्हाताऱ्या, ज्या शेजारणीच्या घरचं पाणी उपासाला पीत नाहीत, त्या तिच्याकडे येऊन खायला लागल्या. त्याचा तिला केवढा अभिमान! सोमवारी ती लिपस्टिक दोनदा लावायची.

आता तो दिवस.

महाकाळाच्या सवारीचा, म्हणजे पालखीचा, सोमवार. गाव बाहेरच्या माणसांनी फुललेलं. आदल्या शनिवारी आंटीचं उजवं मनगट वाफेने भाजलं, हात पट्टीत. त्याच शनिवारी श्रीकांतराव माझ्या दुकानी आले आणि वाळवलेला चीक घेऊन गेले. एखाद्या लग्नघराच्या कुरडया झाल्या असत्या इतका. गिऱ्हाइकाला कारण विचारायचं नाही, हा माझा धंद्याचा नियम आहे. मी दिला.

सोमवारी आंटीला त्यांनी किचनमध्ये पाऊलच टाकू दिलं नाही. "आंटी, आज आप मालकिन. बाहर बैठिए, मेहमान देखिए." पाऱ्या त्यांनी आंटीच्या हाताखालच्या स्वयंपाक्याकडून सकाळीच करवून ठेवल्या होत्या. साबुदाण्याची पारी सकाळी करून दुपारपर्यंत टिकत नाही, हे मला माहीत होतं, पण मी त्या वेळी आत नव्हते. मी सुलभाकाकूंबरोबर टेबलाशी बसले होते. सुलभाकाकू म्हणजे ज्यांनी अर्ध्या उज्जैनला शाळेत मराठी शिकवलं त्या. कडक सोमवार करणाऱ्या, आणि उन्हाळ्यात आजही स्वतः बसून कुरडया घालणाऱ्या.

काकूंनी पहिला घास घेतला. चावायच्या थांबल्या. घास पदरात काढला आणि हुंगला.

"शैला, हा गव्हाचा चीक आहे."

"काकू, काहीतरीच काय."

"आयुष्य गेलं माझं चिकात. आंबूस वास येतोय. माझा सोमवार मोडला गं."

त्या हळूच बोलल्या होत्या, पण शेजारच्या टेबलाने ऐकलं, आणि मग सगळ्या हॉटेलने. कुणी टोपली ढकलली, कुणी तोंड धुवायला पळालं. एक बाई रडायलाच लागली, तिचे सोळा सोमवार चालले होते. आंटी उठली. डाव्या हाताने काकूंच्या टोपलीतला एक डिमसम उचलून तिने तोंडात घातला. मी तिच्याकडे बघत होते. चावता चावता तिचा चेहरा बंद होत गेला, दुकानाचं शटर उतरतं तसा.

श्रीकांतराव बाहेर आले. हात जोडलेले, आवाज मऊ.

"क्षमा करा मंडळी. आंटींना आपल्या चालीरीती काय माहीत. त्यांच्या हातून झालं असेल. त्या काही आपल्या नाहीत."

मी उभी राहिले. "श्रीकांतराव, शनिवारी माझ्या दुकानातून चीक कोणी नेला?"

"नेला ना. घरी कुरडयांना नेला."

"श्रावणात कुरडया? वाळवणार कुठे, पंख्याखाली?"

हॉटेल हसलं. तिथेच सगळं बिघडलं. हसू फुटलं की लोकांना वाटतं निकाल लागला. श्रीकांतरावही हसले. म्हणाले, "शैलाताई, तुमचं तर दुधवाल्याशीही भांडण असतं, आमच्याशी असणारच." लोक पुन्हा हसले. मी ओरडत राहिले, पण माझं ओरडणं या गावाला सवयीचं आहे.

मग काकूंनी आंटीला विचारलं. सरळ, बाईने बाईला विचारावं तसं. "तुमने डाला क्या?"

आंटीने एकदा श्रीकांतरावांकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. माणसाला स्वतः बोलायला जागा करून द्यावी, तसं. ते चप्पल बघत राहिले.

"किचन हमारा है," ती म्हणाली. "हमारा किचन से निकला, तो हमारा ग़लती." आणि काकूंच्या पायाशी वाकली.

ती चूक कबूल करत नव्हती, आपलं किचन सांभाळत होती. पण लोकांनी ऐकायचं ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं, चिनी बाईने उपास बाटवले.

पुढचं पटकन सांगते. श्रीकांतराव आंटीला म्हणाले, लोकांच्या भावना शांत होईपर्यंत थोडे दिवस विश्रांती घ्या. ती घरी बसली. तेवढ्यात तिच्याच हाताखाली पारी शिकलेला तो स्वयंपाकी त्यांनी मुख्य केला. ती पट्टी सोडून परत गेली तेव्हा दारावर नवीन कागद होता, "नया प्रबंधन, शुद्ध फरियाली", म्हणजे शुद्ध उपासाचं. पाटी मात्र तीच, "मेलिन आंटी के डिमसम". कारण रांग पाटीला लागते. आता सोमवारी तिथे मशीनच्या पाऱ्या येतात, ताणून ओढल्या तरी फाटत नाहीत. त्या कशाच्या असतात हे कुणी विचारत नाही. नवं प्रबंधन आपल्यातलं आहे ना.

मी श्रीकांतरावांच्या घरी गेले. या खेपेला त्यांनी सांगितलं, कुरडया नव्हे, नातवासाठी चीक शिजवला. मी म्हटलं, नातू आहे की हत्ती? त्यांनी दार लोटून घेतलं. मी सुलभाकाकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, मलाही वाटतं तिने नसेल घातला. पण आता कशाला उकरतेस? श्रीकांत आपल्या मंडळाचा माणूस." मी मंडळाच्या एकेकाकडे गेले. सगळ्यांनी मला चहा पाजला. कुणी माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही.

आंटी बहिणीकडे कलकत्त्याला निघाली. मी स्टेशनवर गेले. ती हमालाशी भांडत होती. नव्हे, भांडत नव्हती. सामान खाली ठेवून स्टेशनचं घड्याळ बघत उभी होती आणि हमाल आपणहून भाव उतरवत होता. लिपस्टिक नीट लावलेली. मनगटावरचा भाजल्याचा डाग अजून गुलाबी होता.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आंटी, एक बार बोल दो. सबके सामने. मी उभी राहते तुमच्या बाजूला. बोल दो कि मैंने नहीं डाला."

"तुम्हारा बाजू में खड़ा होने से कोई मानेगा?" ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो. मग तिने माझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा. तिचे हात खरखरीत आणि गरम होते.

"हम क्यों बोलेगा, शैला? जिसने नहीं किया, वो सफ़ाई दे? जिसने डाला, वो बोले."

गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली. समोरच्या सीटवर कुणी डबा उघडला होता. गाडी हलली तेव्हा मेलिन आंटी वाकून त्या डब्यात काय आहे ते बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की पनीर आहे.

श्रीकांतराव, ती बोलणार नाही. तिने ते काम तुमच्यावर सोडलंय. मी सोडलेलं नाही. गणपतीत रोज आरतीनंतर माइक तुमच्याच हातात असतो. चपला नीट ठेवा, प्रसाद रांगेने घ्या, अशा सूचना तुम्ही देताच. यंदा पहिल्या आरतीनंतर एक सूचना जास्त द्या. सुलभाकाकू समोरच्या खुर्चीवर असतील. ज्यांचा ज्यांचा सोमवार त्या दिवशी मोडला, त्या सगळ्या बायका असतील. मीही असेन, पहिल्या रांगेत, आणि माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, मला माइक लागत नाही. नाव घेऊन सांगा. गव्हाचा चीक मेलिन आंटीने घातला नाही. मग कोणी घातला, तेही सांगा. मंडळ ऐकतंय. बोला.